जीर्ण वाड्यांचा जमाखर्च

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, बुधवार, सदाशिव या जुन्या पेठांतून हिंडू लागले असता, एका बाजूस तळमजल्यावर वाहनतळ असलेली पाच-सहा मजल्यांची नवी इमारत, तिच्या शेजारी निळी ताडपत्री पांघरलेला, लाकडी टेकूंवर तोललेला आणि दिंडीदरवाजावर ‘धोकादायक इमारत’ अशी महानगरपालिकेची पाटी लावलेला वाडा, आणि त्याच्याही पलीकडे पत्र्याचे कुंपण घातलेला मोकळा भूखंड, असा क्रम वारंवार दृष्टीस पडतो. मधल्या त्या वाड्याचे काय करावे, याविषयी शहरात दीर्घकाळ दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की, ही वास्तू म्हणजे पुण्याचा इतिहास असून ती पाडणे हा अपराध आहे. दुसरा म्हणतो की, ज्यांना त्या गळक्या छपराखाली झोपावे लागते त्यांना इतिहासाचा उपदेश करण्याचा अधिकार बाहेरच्यांस नाही. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत, आणि दोहोंच्या म्हणण्यात तथ्यही आहे; परंतु दोघेही वाद आरंभतात तो वाडा खंगून गेल्यानंतर, जणू जीर्णता ही ऋतूसारखी आपसूक आलेली गोष्ट असावी. माझ्या मते खरा प्रश्न त्यापूर्वीच्या चाळीस-पन्नास वर्षांचा आहे. त्या काळात त्या छपराची शाकारणी कोणी करावयाची होती, तिचा खर्च कोणावर पडत होता, आणि ती न करण्यात कोणाचा फायदा होता, हे पाहिल्यावाचून ‘पाडावे की राखावे’ या प्रश्नास अर्थच येत नाही.

पेशवाईत आणि त्यानंतरच्या शतकात पेठांतून जे वाडे उभे राहिले, त्यांचा सांगाडा लाकडाचा असे. घडीव काळ्या दगडाचे जोते, जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, आणि कड्यांवर पाट किंवा किलचन पसरून त्यावर मातीचा जाड थर चोपून केलेली वरच्या मजल्याची जमीन, अशी ही रचना. भिंती खालच्या अंगास दगडाच्या आणि वर पातळ भाजक्या विटांच्या; त्या पुष्कळदा मातीतच रचलेल्या आणि वरून चुन्याच्या गिलाव्याने झाकलेल्या असत. वजन मुख्यतः लाकडाने वाहावयाचे आणि भिंतीने त्यास बाजूने धरून ठेवावयाचे, अशी या दोहोंची वाटणी असल्यामुळे जुन्या खरेदीखतांतून व वाटणीपत्रांतून घराचे माप खणांत, म्हणजे दोन खांबांमधील अंतरात, सांगितलेले आढळते. मध्ये चौक असे. त्यातून उजेड आणि वारा चारी सोप्यांना मिळे आणि पावसाचे पाणी पन्हळीवाटे चौकात उतरून मोरीने बाहेर जाई. रस्त्याच्या बाजूस मात्र भिंत उंच आणि खिडक्या मोजक्या असत, त्यामुळे उन्हाळ्यात माजघरात शिरताच जो गारवा जाणवतो तो पंख्याविनाच मिळतो.

अशा घराचा खरा शत्रू पाणी. कोरडे ठेवलेले सागवान दोनशे वर्षेही टिकते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाकडे पाहावे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधविलेल्या या वाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली, 1879 च्या आगीची झळ त्याला बसली, पुढे सरकारी व नगरपालिकेची कचेरी त्यात नांदली, आणि तरीही सुरूच्या झाडाच्या आकाराचे त्याचे कोरीव खांब आज उभे आहेत, कारण कोणी ना कोणी त्याच्या छपराची काळजी वाहत राहिले. याच्या उलट, एक कौल सरकून पाणी भिंतीत मुरू लागले की, भिंतीत रुतलेले तुळईचे टोक प्रथम कुजते. बाहेरून ते दिसत नाही. गिलावा शाबूत असतो, तुळई मधोमध ठणठणीत असते, आणि आत मात्र टोकाचा भुगा होऊन वाळवी लागलेली असते. पुढे तुळई एका बाजूने खचते, तिच्यावरच्या कड्या तिरप्या होतात, जमीन उतरती लागते, आणि एखाद्या आषाढात तो कोपरा खाली येतो. पहिले कौल सरकल्यापासून या घटनेपर्यंत वीस-पंचवीस वर्षे सहज जातात, आणि आरंभीच्या कितीतरी वर्षांत दोन गवंडी व एक सुतार यांच्या आठवड्याभराच्या कामाने हे सारे थांबविता येते.

एका कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यात जेव्हा दहा-पंधरा बिऱ्हाडे आली, तेव्हा या धोक्यात मोठी भर पडली. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून ते शहरातील हौदांत सोडण्याची व्यवस्था झाली होती. वाड्यात वापरावयाचे पाणी हौदावरून किंवा आडावरून भरून आणले जाई, आणि सांडपाण्याचे बहुतेक सारे व्यवहार जमिनीलगत होत. विसाव्या शतकात नळ वरच्या मजल्यावर गेला. प्रत्येक दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला स्वतःची मोरी हवी झाली, आणि ती मोरी लाकडी कड्या व माती यांच्या जमिनीवर सिमेंटचा पातळ थर देऊन बसविण्यात आली. त्या थराला केसाएवढी भेग पडली तरी रोजचे स्नान, धुणी आणि भांडी यांचे पाणी थेट कड्यांत झिरपते. पावसाचे पाणी निदान आठ महिने उसंत देते, मोरीचे पाणी तेवढीही देत नाही. पडू आलेल्या वाड्यात आत जाऊन पाहिले तर सर्वांत आधी खचलेली जागा पुष्कळ वेळा मोरीखालीच सापडते. त्यातच ओल झाकण्यासाठी मातीच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा गिलावा चढविला जातो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून धरते, आणि दुरुस्ती म्हणून केलेल्या या कामानेच भिंतीचा घात होतो. मातीत रचलेल्या भिंतींना पाण्याचे किती भय आहे याचा दाखला 12 जुलै 1961 रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली तेव्हा साऱ्या शहराने पाहिला. नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे त्या एका दिवसात भिजून कोसळले.

मग ही आठवड्याभराची दुरुस्ती वेळेवर का झाली नाही? येथे सुताराचे काम संपून कायद्याचा प्रांत सुरू होतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली, मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईनंतर 1947 चा कायदा आला, आणि त्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जागेचे जे भाडे होते तेच सामान्यतः प्रमाणभाडे ठरविले. त्या काळी हे आवश्यकच होते. फाळणीनंतरचे निर्वासित, गावाकडून येणारे नोकरदार आणि विद्यार्थी यांना घरमालकांच्या मर्जीवर सोडणे कोणत्याही लोकनियुक्त सरकारला शक्य नव्हते, आणि त्या कायद्याच्या छायेत हजारो मध्यमवर्गीय व कष्टकरी कुटुंबांनी आपली मुले शिकविली, हे उपकार विसरता येण्याजोगे नाहीत. परंतु ठराविक मुदतीसाठी केलेला हा कायदा वारंवार वाढविला गेला, आणि भाडे मात्र 1940 च्या खुंटाला बांधलेले राहिले. विटा, चुना, सागवान आणि गवंड्याची मजुरी यांच्या किमती त्या खुंटाला बांधलेल्या नव्हत्या. अखेर 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात प्रमाणभाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व अन्यायकारक झाल्या असल्याचे स्पष्ट म्हटले, आणि त्यानंतर महाराष्ट्राचा 1999 चा नवा भाडेनियंत्रण कायदा होऊन तो 31 मार्च 2000 पासून अमलात आला.

नव्या कायद्याने भाड्यात दरसाल शेकडा 4 वाढीची मुभा दिली. समजा, 2000 साली एका खोलीचे भाडे महिना 20 रुपये होते. ही वाढ चक्रवाढीने मोजली तरी 2025 साली ते सुमारे 53 रुपये होते. याच कायद्यानुसार जागा सुस्थितीत ठेवण्याचे दायित्व मालकाचे आहे, आणि नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी सोय आहे. पण एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. आमच्या 53 रुपयांच्या खोलीचे वर्षाचे भाडे 636 रुपये, आणि त्याचा चौथा हिस्सा 159 रुपये. तेवढ्यात वर्षाला कौलांची एक रांगही बदलून होणार नाही. तेव्हा मालकाला भाड्यातून काही उरत नाही, भाडेकरूला खर्च वसूल होत नाही, आणि वाटणीपत्राने ज्या इमल्याचे पाच-सहा सहहिस्सेदार झालेले आहेत तेथे तर सहीसाठी सर्वांना एकत्र आणणेच दुरापास्त होते. कागदोपत्री प्रत्येकाचे कर्तव्य ठरलेले आहे. प्रत्यक्षात ते पार पाडणे कोणालाच परवडत नाही.

मुंबईने हा पेच सोडविण्याचा एक मोठा प्रयोग करून पाहिला. 1969 च्या कायद्याने तेथे स्वतंत्र दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले, बेट-शहरातील जुन्या भाडोत्री इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसविण्यात आला, आणि आरंभी अशा 19,642 इमारती या योजनेखाली आल्या. कल्पना उदात्त होती, आणि तिच्यामुळे अनेक इमारती पुष्कळ वर्षे तगल्या, यात संशय नाही. तथापि उपकराची रक्कम भाड्याप्रमाणेच तुटपुंजी आणि कामाचा डोंगर मोठा, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी मूळ दोष दुरुस्त होण्याऐवजी टेकूंवरच भागविण्यात आले. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने निराळा मार्ग काढला. विकासकाने जुनी इमारत पाडावी, भाडेकरूंना नव्या इमारतीत विनामूल्य घरे द्यावीत, आणि त्याच्या बदल्यात वाढीव चटई क्षेत्र बाजारात विकावे. या एका तरतुदीने हिशेबाची दिशाच पालटली. पूर्वी पडका इमला मालकाच्या गळ्यातील ओझे होता. आता त्याखालची जमीन सोन्याची झाली आणि तिच्यावरील इमला हा तेवढा अडसर ठरला. नियम मुंबईचे असले तरी हिशेब पुण्यातही तोच चालतो, आणि ज्या वाड्याची दुरुस्ती केल्याने कोणालाच काही मिळत नाही, पण तो पडल्याने मालक, विकासक व भाडेकरू या तिघांनाही मिळते, त्या वाड्यावरचे सरकलेले कौल सरकलेलेच राहणार.

यात भाडेकरूला दोष देणारे मला मनापासून पटत नाहीत. मुंबईच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या एका खोलीत तीन पिढ्या राहिल्या; त्यांना 500 चौरस फुटांचे, स्वतःचे शौचालय असलेले घर मिळत असेल, तर त्यांनी चाळीच्या आठवणींसाठी ते नाकारावे असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? पुण्याच्या वाड्यांतही चौकापलीकडच्या सामाईक शौचालयापर्यंत रात्री-अपरात्री, पावसात, जिना उतरून जाणाऱ्या वृद्ध स्त्रीचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ‘वाडा-संस्कृती’चे गोडवे ऐकवत नाहीत. आणि प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. 31 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईच्या भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळून 33 माणसे मृत्युमुखी पडली. जेथे सांगाडाच निकामी झाला आहे तेथे वास्तू राखण्याचा आग्रह धरणे म्हणजे माणसांच्या जिवावर इतिहास जपणे होय, आणि तसा आग्रह कोणी धरू नये.

पण सांगाडा निकामी झाला आहे हे ठरवावयाचे कोणी आणि कसे? महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी इमारतींची पाहणी करून त्यांना वर्ग देते. सी-1 म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची, सी-2 चे दोन पोटवर्ग म्हणजे कमी-अधिक संरचनात्मक दुरुस्तीची, आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. कायद्याच्या दृष्टीने या अक्षरांत प्राण आहेत. पाडण्याचा अधिकृत हुकूम झाला म्हणजे त्या कारणावरून भाडेकरूकडून जागेचा ताबा मिळविण्याची वाट मोकळी होते. म्हणून ही पाहणी निष्णात डोळ्यांनीच व्हावयास हवी, आणि येथेच मोठे न्यून आहे. आजचा संरचना-अभियंता सिमेंट-काँक्रीटच्या शास्त्रात वाढलेला असतो. काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारा हातोडा आणि त्यातून ध्वनिलहरी पाठविणारे यंत्र ही त्याची साधने. सागवानी तुळई आणि मातीत रचलेली भिंत यांविषयी ती फारसे बोलत नाहीत. जुना सुतार टोकदार टोच्या तुळईच्या टोकाशी रोवून पाहतो, हातोडीच्या मुठीने खांब ठोकून त्याचा नाद ऐकतो, तळखड्याशी वाळवीची मातकट रेघ शोधतो, आणि मग कोणते लाकूड ठेवावयाचे व कोणते काढावयाचे हे सांगतो. खांबाचा कुजलेला खालचा भाग कापून तेथे नवे सागवान सांधणे, किंवा तुळईचे टोक बदलून उरलेली तुळई तशीच राखणे, ही कामे त्याच्या हातची आहेत. लाकडी इमारतीच्या पाहणीत अशा कारागिराचा लेखी अभिप्राय सक्तीने घेतला, तर आज सी-1 मध्ये गणलेले काही वाडे सी-2 मध्ये येतील असे मला वाटते. काही येणार नाहीत, आणि ते निःसंकोच पाडावेत.

पाडणे म्हणजे काय हेही एकदा उभे राहून पाहावे. पाडणारा ठेकेदार येतो तो लाकडाचा भाव मनात धरूनच. प्रथम कौले उतरतात, मग रिपा आणि वासे, मग चौकटी व दारे, आणि शेवटी तुळया व खांब. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक असल्यामुळे हे सारे जपून काढले जाते, आणि विटा-मातीचा ढिगारा तेवढा उरतो. ज्या तुळया धोकादायक म्हणून उतरल्या, त्यांतील पुष्कळशा कापून, रंधून दुसऱ्याच्या घरी पुन्हा वापरात येतात, यावरून त्यांच्यात किती जीव उरला होता याची कल्पना यावी. कोरीव वस्तूंचे नशीब निराळे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून पडत्या वाड्यांतील दारे, खिडक्या, दिवे आणि भांडी जमविली नसती, तर आज ती कोठे असती हे सांगवत नाही. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांच्या संग्रहालयात पुन्हा उभारलेले आहेत. हे ऋण फार मोठे आहे. पण दार संग्रहालयात गेले म्हणजे त्या दारातून जाण्यायेण्याचा व्यवहार, ओट्यावर बसणे, चौकातील कार्य, गल्लीचे आणि घराचे एकमेकांवर लक्ष असणे, या गोष्टी सोबत जात नाहीत. नव्या इमारतीच्या तळाशी वाहने उभी राहिली की रस्त्यालगत माणूसच राहत नाही, आणि गल्ली दिवसाही ओस वाटू लागते.

दुरुस्तीस नको इतका उशीर झाला म्हणजे काय होते, हे बुधवार पेठेतील भिडे वाड्याने दाखविले. 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा ज्या वाड्यात काढली, तो महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक तीर्थस्थान. त्याचे स्मारक करावे याविषयी सर्वांचे एकमत होते. परंतु ताब्याचा दावा वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तोवर इमला हातचा गेला, आणि डिसेंबर 2023 मध्ये तो उतरविण्यात आला. आता तेथे नवे स्मारक होत आहे. ते अवश्य व्हावे. पण ज्या जमिनीवर त्या मुलींनी पाटी हाती धरली, ते जोते, तो जिना आणि ते खण पुढील पिढ्यांना दाखविता आले असते, तर त्याचे मोल कोणत्याही नव्या वास्तूहून मोठे झाले असते.

राखण्याचा उपायही पैशाच्याच वाटेने जातो. मुंबईने 1995 मध्ये वारसा-वास्तूंसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत वास्तूंच्या श्रेणी ठरविल्या, आणि वारसा म्हणून नोंद झाल्यामुळे ज्या मालकाचा बांधकामाचा हक्क बुडतो त्याला तो हक्क अन्यत्र विकता येईल, म्हणजेच हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने मोबदला मिळेल, अशी तरतूद केली. अहमदाबादच्या पोळांतील लाकडी घरांसाठीही असे विक्रीयोग्य हक्क देण्यात येतात, आणि 2017 साली त्या जुन्या शहराला भारतातील पहिले जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता मिळाली, त्यामागे इतर कारणांबरोबर नागरिकांच्या या राहत्या घरांचे मोल ओळखण्याची दृष्टीही होती. पुण्यात नोंदणी प्रामुख्याने नामांकित वास्तूंचीच होते, हे मला अपुरे वाटते. पेठेचे रूप तिच्यातील साध्या, बिननावाच्या वाड्यांच्या ओळीने बनलेले असते. एखादा शनिवारवाडा किंवा नानावाडा राखला आणि सभोवतीची सारी ओळ गेली, तर उरलेली वास्तू परक्या वस्तीत उभी राहिल्यासारखी दिसते.

म्हणून विकास हक्काचा मोबदला अशा साध्या वाड्यांनाही द्यावा, मात्र तो दोन हप्त्यांत. पहिला हप्ता सांगाड्याची दुरुस्ती पुरी झाल्यावर, आणि दुसरा प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र शौचालय व मोरी जमिनीलगत किंवा वाड्याबाहेरच्या पक्क्या जोडबांधकामात मिळाल्यावर. ज्या दुरुस्तीला मालक आणि बहुसंख्य भाडेकरू यांची लेखी संमती आहे, तिच्यापुरती एक-चतुर्थांशाची मर्यादा शिथिल व्हावी, म्हणजे भाडेकरूने घातलेला पैसा पुढील भाड्यात किंवा मोबदल्यात त्याला परत मिळेल. आणि दरसालच्या शाकारणीसाठी महानगरपालिकेने एक लहानसा निधी वेगळा काढावा. मालकाचा एक हिस्सा, भाडेकरूंचा एक आणि पालिकेचा एक अशी त्यात वाटणी असावी, आणि सहहिस्सेदारांपैकी कोणीही एकाने अर्ज केला तरी तो ग्राह्य धरावा. असे अर्ज माघ-फाल्गुनात घेतले, तर होळीनंतर गवंडी व सुतार मोकळे असतात आणि कामे वैशाखाअखेर उरकतात. सध्या पाहणीची पथके पेठांतून फिरतात आणि नोटिसा लागतात त्या मृगाच्या तोंडावर, जेव्हा छपरावर चढण्याचे दिवस संपलेले असतात.